ऑक्सिजनची उणीदुणी

नवऱ्याला शिकवू नये. कुकर लावायला शिकवावं, हवं तर मोबाइलवरून विजेचं बिल भरायला शिकवावं, पण ज्याची परीक्षा असते असलं काही शिकवू नये. हे मी अनुभवाने सांगते. मी डोंबिवली पूर्वेला घरीच नववी, दहावी आणि अकरावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलंय, आणि आजवर भल्याभल्यांच्या गळी संयुजा उतरवली आहे. त्या सगळ्या पोरांनी मिळून माझा जेवढा घसा बसवला नसेल, तेवढा आमच्या ह्यांनी एका उन्हाळ्यात बसवला.

हे एमआयडीसीत, प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला. नळ, कड्या, मोटारसायकलचे सुटे भाग यांच्यावर क्रोमचा मुलामा चढवायचा, हे त्यांचं काम. आयटीआय झाल्यापासून तिथेच आहेत. क्रोमिक ॲसिडची लालभडक टाकी असते, तिच्यात माल बुडवून वीज सोडतात. मग द्रावणातून बारीक बुडबुडे येतात, बुडबुडे फुटले की त्याचे तुषार हवेत उडतात, आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जातात. मास्क मिळतात, पण उन्हाळ्यात त्या उकाड्यात ते किती वेळ तोंडावर राहतात, हे ज्याने त्याने समजून घ्यावं. नळ चकचकीत होतात, माणसं होत नाहीत.

सकाळी तोंड धुताना ह्यांचा घोळणा फुटायला लागला, तेव्हा आम्ही सगळं खापर उष्णतेवर फोडलं. सब्जा झाला, गुलकंद झाला. सासूबाईंनी तर कांदा फोडून हुंगायला लावला. शेवटी स्टेशनजवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, कामाला कुठे असता. कारखान्याचं ऐकल्यावर ते म्हणाले, नाकाच्या मधल्या पडद्यावर जखम आहे, ती भरत नाहीये, आणि रोज त्याच टाकीपाशी उभे राहिलात तर पडद्याला आरपार भोक पडेल. मलम लिहून दिलं आणि वर म्हणाले की खरं औषध म्हणजे टाकीपासून लांब होणं, ते माझ्याकडे मिळत नाही.

लांब होणं म्हणजे कुठे होणं? ह्यांना दुसरं काम येत नाही आणि ह्या वयात नवा कारखाना शोधायचा तर तिथेही प्लेटिंगच करणार. महिनाभर घरात कुणी मोकळेपणाने बोललं नाही. मग एक दिवस हे नोटीस बोर्डाचा फोटो काढून घेऊन आले. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा जो विभाग असतो, त्याला सगळे ईटीपी म्हणतात, तिथे ऑपरेटरची एक जागा निघाली होती. आतल्याच माणसातून भरणार, लेखी आणि तोंडी परीक्षा घेऊन. खाली अभ्यासक्रम दिला होता. ऑक्सिडेशन नंबर काढणे, आणि दिलेली अभिक्रिया रेडॉक्स आहे की नाही ते ओळखणे.

“हे तुझंच आहे ना गं?” ह्यांनी विचारलं. माझंच होतं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी मुलांच्या शिकवणीला सुट्टी देऊन टाकली.

पहिली अडचण रसायनाची नव्हती, व्याकरणाची होती. मी ह्यांना अहो म्हणते. आणि विद्यार्थ्यावर ओरडायचं तर अरे लागतं. ‘अहो, इतकं साधं कसं हो कळत नाही तुम्हाला’ असं म्हटलं की त्यात धाक राहत नाही, वाक्य उगाच लाडात येतं, आणि विद्यार्थी हसायला लागतो. शेवटी आमचं ठरलं, फळा उघडा असेपर्यंत अरे, फळा पुसला की अहो. पहिल्याच संध्याकाळी ‘अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’ हे ऐकून सासूबाई आतून मेथीची जुडी हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, मग मारू नकोस म्हणजे झालं.

नियम खरं तर मोजकेच आहेत. सुटं मूलद्रव्य असलं, म्हणजे नुसतं तांबं किंवा नुसता ऑक्सिजन, तर त्याचा अंक, म्हणजे ऑक्सिडेशन नंबर, शून्य. संयुगात गेलं की ऑक्सिजन उणे दोन, हायड्रोजन अधिक एक, सोडियम-पोटॅशियम अधिक एक. सगळ्यांची बेरीज शून्य यायला हवी, म्हणजे जो उरला त्याचा अंक आपोआप हाती लागतो. मग अभिक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे अंक ताडून बघायचे. ज्याचा वाढला त्याचं ऑक्सिडीकरण झालं, ज्याचा घटला त्याचं क्षपण झालं. दोन्ही एकदमच होतं, कारण एकाने सोडलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याने घेतलेला असतो, आणि ही देवघेव म्हणजेच रेडॉक्स. कुणाचाच अंक हलला नाही, तर ती रेडॉक्स नव्हे. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की केवढा फेस येतो, पण अंक मोजून बघा, सगळे जिथल्या तिथे असतात. उलट गच्चीतला लोखंडी स्टँड कोपऱ्यात गुपचूप गंजत असतो आणि तिथे अंक शून्यावरून तीनवर गेलेला असतो. मला हा धडा फार आवडतो. गाजावाजा कुठे आहे आणि देवघेव कुठे आहे, हे त्यात वेगवेगळं कळतं.

हे सगळं मी रंगवून सांगितलं आणि ह्यांनी दोन दिवस मान डोलावली. तिसऱ्या दिवशी उत्तर देताना म्हणाले, “इथे क्लोरिनचं छप्पन झालं.”

मी विचारलं, छप्पन कुठून आलं. त्यावर ह्यांनी माझ्याकडेच नवलाने बघितलं. क्षपण हा शब्द ह्यांनी शाळेत ऐकला असेल तो तिथेच सोडून दिलेला. कारखान्यात अर्धी माणसं हिंदी बोलणारी, त्यामुळे ह्यांच्या कानाला तो छप्पन असा लागला होता, आणि हा कुठला तरी ठरलेला नंबर असणार असं समजून ते दोन दिवस गप्प बसले होते. मी हसून हसून दमले. मग म्हटलं जाऊ दे, क्षपण सोडून देऊ, कारखान्यात म्हणतात तसं रिडक्शनच म्हणू. मला वाटलं मी काम सोपं केलं. खरा घोळ तिथून सुरू झाला.

मी एक सरावाचा पेपर काढला. त्यात प्रश्न होता, माल धुतल्यावर उरणारं क्रोमचं पिवळं पाणी रिड्यूस कसं कराल? ह्यांनी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं, पाइप लावून साधं पाणी सोडावे, रंग फिका होईपर्यंत. मला वाटलं थट्टा करतायत. तर नाही. ह्यांच्या खात्यात रिड्यूस कर म्हणजे पातळ कर. टाकी कडक झाली, रिड्यूस कर. रंग घट्ट झाला, रिड्यूस कर. कँटीनमध्ये वरण पाणचट असलं की आज डाळ रिड्यूस केलीय. इतकी वर्षं ज्या शब्दाचा अर्थ पाणी घालणे, तोच शब्द पेपरात येणार होता, आणि तिथे पाणी घालून एक मार्कही मिळणार नव्हता.

मी कोकम सरबत केलं. एका ग्लासाचं चार ग्लासांत केलं आणि विचारलं, हे कोकमच आहे ना अजून? हे म्हणाले, आहे, पण फिकं झालं ना. मी म्हटलं, फिकं होऊ दे, त्याचं लिंबू झालं का? नाही. मग फळ्यावर क्रोमेट लिहिलं. पोटॅशियम दोन, क्रोमियम एक, ऑक्सिजन चार. पोटॅशियमचे मिळून अधिक दोन, ऑक्सिजनचे उणे आठ, तेव्हा क्रोमियम अधिक सहा. आता ह्यात बादलीभर पाणी ओत, मी म्हटलं, आणि पुन्हा काढ. ह्यांनी पुन्हा काढलं. सहा. आणखी बादली ओत. सहा. हे हळूच म्हणाले की फरशी धुताना पिवळं दिसेनासं होईपर्यंत आम्ही पाइप मारतो आणि रिड्यूस झालं म्हणतो.  त्या दिवसापासून ह्यांच्या उत्तरांत पाणी घालायचं थांबलं.

दुसरं भांडण रंगावरून झालं. त्याच पिवळ्या पाण्यात ॲसिड पडलं की ते नारिंगी होतं. हे ह्यांनी शेकडो वेळा बघितलेलं. एवढा रंग बदलतो म्हणजे रेडॉक्स झालीच की, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, डोळे मिटून घे आणि अंक काढ. डायक्रोमेटमध्ये पोटॅशियम दोन, क्रोमियम दोन, ऑक्सिजन सात. बेरीज-वजाबाकी केली, पुन्हा सहाच. ह्यांना रागच आला. बाहेरून एवढा फरक आणि आतून तोच, हे पटेना. मी म्हटलं, तुझ्या धाकट्या भावाने दाढी ठेवली म्हणून त्याचा स्वभाव बदलला का? हे त्यांना लगेच पटलं. आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला.

अंक खरोखर कशाने हलतो, तेही दाखवलं. नारिंगी पाण्यात बायसल्फाइट टाकलं की पाणी हिरवं होतं, आणि आता मात्र क्रोमियम सहावरून तीनवर आलेला असतो. बायसल्फाइटमधला गंधक चारवरून सहावर चढलेला असतो. तीनवर आलेला क्रोमियम चुन्याच्या निवळीने खाली बसवता येतो, गाळून वेगळा काढता येतो. ईटीपीचं निम्मं काम एवढंच. ह्यांना आता गोडी लागली होती. भाजी आणायला गेले तरी तुरटीतल्या गंधकाचा अंक किती, असलं काहीतरी विचारत परत यायचे.

मग एका संध्याकाळी मी त्यांना त्यांची स्वतःची टाकी काढायला दिली. क्रोमिक ॲसिडच्या मुळाशी असलेलं संयुग, क्रोमियम एक आणि ऑक्सिजन तीन. ह्यांनी पटकन मांडलं, ऑक्सिजनचे उणे सहा, म्हणजे क्रोमियम अधिक सहा. आणि नळावर बसतो तो नुसता धातू, म्हणजे शून्य. हे खूश झाले. म्हणाले, म्हणजे मी इतकी वर्षं सहाचं शून्य करतोय की. मीही खूश होऊन हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की सगळ्याचं शून्य होत नाही. जे तुषार होऊन उडतं ते सहाच असतं, आणि ते नाकात गेलं की तिथेही ते खाली यायला बघतं. खाली यायला त्याला कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन हवे असतात. ते ज्याच्याकडून घेतं ते ह्यांचं नाक. वर्षानुवर्षं मी पोरांना हे सहा आणि तीन घोकून घेतलंय, मार्कांसाठी. ती जखम म्हणजे माझाच धडा आहे, हे मला तोवर दिसलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी फळा पुसला.

“अहो, आज पुरे,” मी म्हटलं. ह्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय. त्यांनी चहा केला, तोही बऱ्यापैकी पातळ.

परीक्षा ठाण्याच्या ऑफिसात, रविवारी. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणून आम्ही शीळफाट्यावरून जाणारी बस धरली. मी बरोबर जायचं काही कारण नव्हतं, पण घरी बसून मी काय केलं असतं? शीळफाट्याला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. बस हलेना. मग आम्ही उजळणी काढली. मी विचारायचं आणि ह्यांनी सांगायचं. ऑक्सिजन? उणे दोन. पुन्हा सांगा. उणे दोन. आणि हायड्रोजन? ह्यांची गाडी अडखळली की माझा आवाज चढायचा. तुम्हाला किती वेळा सांगितलं ऑक्सिजन उणे दोन, आणि तरी तुम्ही अधिक लिहिता. पुढच्या सीटवरच्या काकू बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, “बाई गं, नवऱ्याची उणीदुणी अशी चारचौघांत काढू नयेत.”

 ह्यांनी अतिशय गरीब चेहरा करून काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, रोजचंच आहे हो. काकूंनी त्यांना एक चिक्की दिली. मला दिली नाही.

ऑफिसाबाहेर मी चहाच्या टपरीजवळ उभी राहिले. आत काय होतंय ते कळायला मार्ग नव्हता. एवढ्या एका जागेवर सगळं येऊन ठेपलंय, हे तोवर मी मनातही नीट म्हटलं नव्हतं. जागा मिळाली तर नाक वाचेल. नाही मिळाली तर उद्या सकाळी पुन्हा तीच टाकी. मला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण तोंडात येत होतं पोटॅशियम अधिक एक.

हे बाहेर आले ते घामाघूम. लेखी बरा गेला होता. तोंडी परीक्षेला तिथल्या साहेबांनी हायड्रोजन पेरॉक्साइड विचारलं. ह्यांनी ऑक्सिजन उणे दोन धरला, त्यामुळे हायड्रोजन अधिक दोन निघाला. साहेब म्हणाले, हायड्रोजन अधिक दोन कधी असतो का? त्यावर ह्यांनी बाणेदारपणे उत्तर दिलं की ऑक्सिजन उणे दोन असतो, हे मला बायकोने सांगितलंय. मी कपाळावर हात मारला. पेरॉक्साइडमध्ये तो उणे एक असतो, हे मी सांगितलं होतं, ह्यांनी ऐकलं नव्हतं. ह्यांचं म्हणणं मी सांगितलंच नव्हतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

पण मग साहेबांनी तीन काचपात्रं पुढे ठेवली. एकात अगदी फिकं, जवळजवळ पाण्यासारखं पिवळं, दुसऱ्यात नारिंगी, तिसऱ्यात गडद हिरवं. यातलं पुढच्या टाकीत कोणतं जाऊ द्याल? ह्यांच्या आधी आत गेलेल्या दोघांनी फिक्याकडे बोट दाखवलं होतं म्हणे. ह्यांनी सांगितलं, फिकं आहे त्यात पाणी घातलंय, आत सहाच आहे. नारिंगीतही सहाच. हिरवं तेवढं तीन आहे, ते जाऊ द्या, पण चुना घालून, गाळून. साहेब म्हणाले, डोळ्यांना तर फिकं स्वच्छ दिसतंय. हे म्हणाले, दिसतं साहेब, दिसण्यावर जायचं नाही.

जागा ह्यांना मिळाली.

त्याला आता काही महिने झाले. सकाळी बेसिनमध्ये लाल थेंब दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, जखम सुकते आहे, भोक पडायचं टळलं. सासूबाईंनी श्रेय कांद्याला दिलं आणि मी ते देऊ दिलं. हे घरी येतात तेव्हा चपलांना हिरवा गाळ लागलेला असतो, आणि मी इतक्या प्रेमाने आजवर कुठल्याही चपला धुतल्या नसतील. मला वाटलं होतं आमचं आता मार्गी लागलं.

परवा कामावरून आले आणि चहा पुढे ठेवला तरी कप उचलेनात. विचारलं तर म्हणाले, टाकीपाशी माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलंय. जुने तिघे आहेतच. आज चौघांनाही विचारलं, सकाळी नाकातून रक्त येतं का. नव्याच्या अजून नाही. तिघांच्या येतं.

मग म्हणाले, “अगं, ती टाकीच तीनवर चालवता येते का?”

येते. तीनवरच्या क्रोमने मुलामा देतात, मी वाचलेलं आहे. द्रावण वेगळं लागतं, सांभाळायला नाजूक असतं, रंग किंचित काळपट येतो, गिऱ्हाईक कुरकुर करतं. पण येते. हे मी एका दमात सांगून टाकलं आणि सांगितल्यावर मला भीती वाटली, कारण ह्यांचा चेहरा ठरवून टाकल्यासारखा झाला. उद्या साहेबांना विचारतो, म्हणाले. वीस वर्षांत ह्या माणसाने साहेबांना रजेच्या पलीकडे काही विचारलेलं नाही.

माझं डोकंच फिरलं. नुकती कुठे सुटका झालीय, नव्या जागेवर अजून कायम केलेलं नाही, आणि हे निघाले मालकाला टाकी बदलायला सांगायला. कुणी सांगितलंय? तुमचं झालं ना चांगलं? हे सगळं ओठांवर आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. एवढे महिने मी एका नाकाचा विचार करत होते.

“विचारा,” मी म्हटलं. “पण एकटे जाऊ नका, त्या चौघांना बरोबर घेऊन जा. आणि आत गेल्यावर आधी नाकं दाखवा, अंक मग सांगा.”